राजाची अडीच घरांची उडी

रंजू, अशी जवळ ये. म्हणजे कागद जवळ घे, चष्मा लाव आणि कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांग. आठ महिने झाले तुला मावशीचं तोंड पाहून. तेल्हाऱ्याहून अकोला काही विलायतेत नाही. आणि परवा फोन केलास तो कशासाठी, तर "मावशी, तू ओवीला गोष्टीतून बुद्धिबळ शिकवलं म्हणे, माझ्या पोरांनाही शिकवायचंय, कसं करू सांग." मी कशी आहे, गुडघा कसा आहे, याबद्दल अवाक्षर नाही. असो. सांगते. पण त्याआधी एक गोष्ट तुला माहीत असलेली बरी. माझ्यामुळे अमरावतीत लहान मुलांची बुद्धिबळाची अख्खी स्पर्धा थांबली होती.

आता सुरुवातीपासून ऐक.

गेल्या मे महिन्यात माझी दोन्ही नातवंडं अमरावतीहून महिनाभर अकोल्याला आली. ओवी सात वर्षांची, चिनू चार वर्षांचा. अकोल्याचा मे तुला माहीतच आहे. सकाळी दहाला दार लावायचं ते संध्याकाळी सहाला उघडायचं. मधले आठ तास मी, दोन पोरं आणि खडखडणारा कूलर. आणि आमच्या स्वातीबाईंची, म्हणजे सुनेची, ताकीद होती की मोबाईल द्यायचा नाही. ती स्वतः मात्र दिवसातून चार वेळा मोबाईलवरूनच ही ताकीद द्यायची.

मग मी सापशिडी काढली. चिनूला नुसते फासे टाकायला कंटाळा येई, म्हणून गोष्ट केली. म्हटलं, "हा अठ्ठ्याण्णवावरचा साप हाय ना, थो उपाशी हाय. म्हणून गिळते. पोट भरलं असतं तर कायले गिळला असता?" चिनूनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पाहते तर अठ्ठ्याण्णवावर पोळीचा तुकडा, वर गूळ, आणि सापाच्या शेपटीपासून तोंडापर्यंत मुंग्यांची रांग. तिथंच मला कळायला पाहिजे होतं की ही पोरं माझ्या गोष्टी ऐकत नाहीत, पाळतात. पण मला वाटलं, वा, आपली पद्धत किती परिणामकारक आहे.

म्हणून बुद्धिबळाचा पट काढला. हा पट माझ्या बाबांचा. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर होते. हंगाम संपला की ओसरीवर डाव मांडायचे, आणि मी त्यांच्याच मांडीला टेकून शिकले. लाकडी सोंगट्या आहेत, एक उंट हरवला आहे, त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच आहे. (बूच तिरपं चालतं. पोरांना त्याचं काही वाटलं नाही.)

गोष्ट अशी रचली. बाळापूरच्या किल्ल्यात एक राजा होता. लाडू खाऊन खाऊन असा जड झाला की एका वेळी एकच घर चालायचा. वजीर म्हणजे घरची मोठी सून. जिथं काम असेल तिथं पळायचं, आडवं, उभं, तिरपं. ओवी म्हणाली, "म्हणजे मम्मी?" मी म्हटलं, "हाव, तुयी मम्मीच." (हे वाक्य मी स्वातीचा फोन चालू असताना जरा मोठ्यानंच म्हटलं होतं.) हत्तीची मान वळत नाही, म्हणून तो नाकासमोर चालतो. उंट रवंथ करत बाजूला पाहत जातो, म्हणून तिरपा. घोडा अडीच घरं उडतो, तो घोडाच आहे, त्याला काय कारण लागतं?

आणि प्यादी म्हणजे शेतावर निघालेली माणसं. डोक्यावर शिदोरी, म्हणून एकेकच पाऊल टाकायचं.

"आजी, ते मागं काहून नाही येत?" अकोल्यात आठ दिवसांत पोरीची भाषा सुधारली होती.

"मागं वळलं की बायको आणखी एक काम सांगते. म्हणून."

ते तिला लगेच पटलं. बापाला पाहिलेलं होतं.

मग मी मुख्य गुपित सांगितलं. राजाच्या मागच्या तबेल्यात एक घोडा लपवलेला आहे. कोणाला माहीत नाही. अख्ख्या डावात एकदाच राजा त्यावर बसतो आणि घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेतो. पण शह बसायच्या आत घ्यायची. एकदा शह बसला की घोडा बुजतो, मग तो काही बाहेर येत नाही. ओवीचे डोळे हे एवढे झाले. त्या दिवसापासून तिचा राजा रोज उडायचा.

एका दुपारी तिनं माझी सगळी फौज खाल्ली आणि माझा राजा एकटा उरला. पोरीचा हात अडला. डोळ्यांत पाणी. "आजी, आता याला पण मारायचं?"

"नाई व माय. याले बुर्जी म्हणतात," मी म्हटलं. "एकट्या उरलेल्या माणसाले मारत नसतात. त्याले पाणी पाजायचं, हात मिळवायचा अन् म्हणायचं, बरोबरी. दोघंही जिंकले."

रंजू, हे मी मनचं नाही सांगितलं. बाबा असेच खेळायचे. पाणी पाजण्याचं तेवढं माझं.

एकदाच जरा शंका यायला जागा होती. स्वातीनं अर्धा तास सूट दिली म्हणून ओवीनं माझ्या मोबाईलवर बुद्धिबळ उघडलं. राजाची उडी घ्यायला गेली, तर राजा हलेना. मी बोट लावलं. हलेना. चष्मा पुसून लावला, अंगठ्यानं दाबलं, जरा आपटूनही पाहिला. राजा जागचा हलला नाही.

"आजी, जातच नाही."

"मोबाईल बिघडला," मी निकाल दिला. "त्याले काय माहीत? माये बाबा खेळत होते तवा याचा पत्ता तरी होता काय?"

जून लागला, पोरं अमरावतीला गेली आणि दर रविवारी फोनवर समोरासमोर आमचा डाव चालू झाला. आणि एके दिवशी स्वाती मधे तोंड घालून म्हणाली, "आई, पुढच्या सुट्टीत मुलांना इथंच समर कॅम्पला घालायचा विचार आहे. तिथं सगळं पद्धतशीर शिकवतात."

तो एक महिना मी वर्षभर पुरवून खाते गं रंजू. बाकीचे अकरा महिने कूलर आणि मी दोघंच असतो, आणि त्यातले आठ महिने तर कूलरही बंद.

"अन् मी अपद्धतशीर शिकवते काय?"

"तसं नाही आई. बरं, असं करू. शाळेतल्या खेळाच्या मॅडमनी ओवीचं नाव स्पर्धेत घातलंय. तिला खरंच येत असेल तर पुढची सुट्टीही अकोल्यातच. झालं?"

म्हणजे पाहा, पटावर ओवी बसणार होती, पण पणाला मी लागले होते.

राखीनंतरच्या रविवारी मी पहाटेच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून अमरावतीला गेले. चिनूला शेजारी ठेवून स्वाती, ओवी आणि मी एका शाळेच्या सभागृहात पोचलो. आत रांगेनं टेबलं, प्रत्येक टेबलावर पट आणि बाजूला टकटक करायचं घड्याळ. मोठ्या माणसांनी काचेच्या बाहेर थांबायचं.

पहिल्या डावात ओवीसमोरचा मुलगा आलाच नाही. फुकटचा एक गुण. पण त्या एका गुणानं माझी अशी काही छाती फुगली, की बाहेर उभ्या असलेल्या आयांना मी पद्धत समजावून सांगायला लागले. राजाचे लाडू, सुनेचा वजीर, प्याद्यांची शिदोरी. निळ्या ड्रेसमधली एक आई तर मोबाईलमध्ये लिहून घेत होती.

"काकू, राजा किती घरं म्हणालात?"

"एक. पण एक डाव उडते, अडीच. लिवा."

तिनं लिहिलं.

दुसऱ्या डावात ओवीसमोर तिच्याच वयाचा, मोठ्या चष्म्याचा वेदांत नावाचा मुलगा बसला. पाच मिनिटं झाली असतील, त्यानं हात वर केला. पंच गेले. गळ्यात ओळखपत्र घातलेला तरुण माणूस, चेहऱ्यानं गरीब. ओवी त्यांना हातवारे करून काहीतरी सांगत होती. मग तिनं सरळ काचेकडे बोट केलं. पंचांनी पाहिलं. सभागृहानं पाहिलं. दार उघडलं.

"ओवीच्या आजी कोण आहेत?"

मी पदर सावरून आत निघाले, मागं दार उघडंच राहिलं. मला वाटलं, सत्कार आहे.

"काकू, ही मुलगी म्हणते राजा घोड्यासारखा उडतो."

"मंग? उडते ना."

"नाही उडत काकू."

"त्याले आधी शह बसला काय?"

"नाही."

"मंग उडते."

पंचांनी श्वास घेतला. "काकू, राजा कधीच उडत नाही."

"एकदा उडते. रोज उडते असं मी म्हटलं काय?"

आता आजूबाजूच्या टेबलांवरची पोरं खेळ सोडून आमच्याकडे वळून बसली. कोणी खुर्चीवर गुडघे टेकून. दुसऱ्या पंचांनी येऊन सगळी घड्याळं थांबवली. मीच ती, जिच्यासाठी थांबवली.

"काकू, तो आपला जुना देशी नियम. आता साऱ्या जगात एकच नियम चालतात."

"साऱ्या जगानं नियम बदलवले अन् मले कोणी सांगतलं नाई?"

"कधीचे बदललेत काकू."

"कधी?"

"मी जन्मायच्या आधी." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बहुतेक तुम्हीही."

मागून चष्मेवाला वेदांत बारीक आवाजात म्हणाला, "आजी, मोबाईलमध्ये पण राजा तसा जात नाही."

ओवीनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

"आजी, म्हणजे मोबाईल बिघडला नव्हता?"

सत्तरीला आलेली बाई, साठ पोरांसमोर उभी, आणि मोबाईल बरोबर ठरलेला.

"तू खोटं सांगितलंस?"

पंच हळू आवाजात नियम सांगत होते. पहिली चूक म्हणून माफ, वेदांतला दोन मिनिटं जास्त, आणि राजाला हात लावलाय तर राजाच हलवायचा, एक घर. पुन्हा चूक झाली की डाव गेला. ओवीनं काही ऐकलं नाही. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "मी नाही खेळत. मला काहीच खरं येत नाही."

काचेपलीकडे स्वातीचा चेहरा दिसत होता. आणि खरं सांगू, त्या क्षणी मला सुट्टीचं काही वाटलं नाही. ही पोर आता माझी कुठलीच गोष्ट खरी मानणार नाही, एवढंच डोक्यात आलं.

"साहेब, मी तिले एक सांगू?"

"चाल सांगता येणार नाही काकू."

"चाल नाई. गोष्ट."

पंच जरा घोटाळले. गोष्टीबद्दल त्यांच्या पुस्तकात काही नसावं. "एक मिनिट. पण पटावरच्या कोणाचंही नाव घ्यायचं नाही."

एक मिनिट. रंजू, मला काल काय खाल्लं हे सांगायला अर्धा तास लागतो. मी गुडघा धरून ओवीजवळ वाकले.

"पाह्य ओवी. त्या लाडू खाणाऱ्या माणसाच्या तबेल्यात जे जनावर होतं ना, थे खरंच होतं. माया बाबांच्या वेळी लय पळत होतं. मंग थे म्हातारं झालं. मले वाटलं, अजून पळते. मी कदी तबेल्यात जाऊन पायलंच नाई. चूक माई. जनावराची नाई, अन् तुयी तर नाईच नाई. आता त्या माणसाले पायीच चालाव लागते."

ओवीच्या आधी वेदांतच बोलला. "मग त्या जनावराचं काय केलं? विकलं?"

"नाई रे बाप्पा. घरीच हाय. चारा खाऊन रायलं आरामात."

त्यानं सुस्कारा सोडला. ओवीनंही सोडला. मग मांडीखालून एक हात बाहेर काढला, नाक पुसलं आणि राजा एक घर सरकवला. पंचांनी घड्याळं सुरू केली आणि मला दंडाला धरून, अगदी आदरानं, बाहेर आणून सोडलं.

बाहेर निळ्या ड्रेसमधली आई मोबाईलवर काहीतरी खोडत होती. मी तिकडे पाहिलं नाही. स्वाती म्हणाली, "आई, आणखी असं काही शिकवलंय का? असेल तर आत्ताच सांगा."

मी छातीवर हात ठेवला. "नाई व. इतकंच."

(प्याद्यांची आठवणच राहिली नाही. नव्या नियमात प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं. वेदांतची जात होती, ओवीनं पाहिलंही. पण हरकत घेतली नाही. मागाहून मला म्हणाली, "मला वाटलं त्याच्या माणसांनी शिदोरी आणली नाही, म्हणून पटपट चालतात.")

पण पोरगी काय खेळली म्हणून सांगू. एकदा राजा पायी चालतो म्हटल्यावर तिनं बाकीच्यांना कामाला लावलं. मोठी सून तर सगळा पट झाडून काढत होती. वेदांतच्या सोंगट्या एकेक करून ओवीच्या बाजूला जमा होऊ लागल्या. शेवटी त्याच्याकडे नुसता राजा. ओवीकडे वजीर, हत्ती, दोन प्यादी. आमच्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "झालं, दोन-तीन चालींत मात." स्वातीनं माझा हात घट्ट धरला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

आणि ओवीनं खाली वाकून पाण्याची बाटली काढली.

मला सगळं कळलं. पण काचेच्या या बाजूनं करते काय? तिनं झाकण उघडलं, वेदांतला पाणी दिलं. तो प्यायला. मग हात पुढं केला, काहीतरी म्हणाली, त्यानं झटक्यात हात मिळवला, दोघंही उठली आणि हसत बाहेर आली.

"जिंकलीस?" स्वातीनं विचारलं.

"बुर्जी झाली," ओवी म्हणाली. "दोघंही जिंकलो."

पाठोपाठ पंच आले. त्यांनी आधी चष्मा काढला, मग पुन्हा घातला. "काकू, हिनं बरोबरी मागितली आणि त्यानं ती पूर्ण मागायच्या आत दिली. नियमात बसतं, मला काही करता येत नाही. पण वजीर आणि हत्ती हातात असताना..." ते थांबले. "हेही तुम्हीच?"

"हाव," मी म्हटलं. आता लपवून काय उपयोग होता?

तेवढ्यात ती निळ्या ड्रेसमधली पुढं आली. वेदांत तिचाच निघाला. मला वाटलं, आता ही बोलणार. ती म्हणाली, "काकू, हा हरला की दोन दिवस जेवत नाही. आज त्या घोड्याला चारा कोण घालतं ते विचारतोय." आणि माझ्यासमोर तिनं मोबाईल काढला. राजाची उडी खोडलेली होती. त्याखाली तिनं नवीन लिहिलं, एकटा उरला तर पाणी पाजणे.

ओवीचे, म्हणजे आमच्या दोघींचे, उरलेले डाव कसे गेले ते विचारू नको. (दोघींचेच म्हणायचे ते.) बक्षीस काही मिळालं नाही. रिक्षात स्वाती माझ्या शेजारी बसली, पार राजकमल चौक मागं पडेपर्यंत बाहेरच पाहत होती. मी पर्स छातीशी धरून बसले. मनात अकोल्याच्या बंद दाराआडचा मे महिना दिसायला लागला. मग बाजूला खुदकन आवाज आला. पाहते तर सून तोंडावर ओढणी दाबून हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आई, तुम्ही पंचाला म्हणालात, आधी शह बसला काय त्याले?"

"मंग विचाराव तर लागते."

"कॅम्पमध्ये फक्त खरे नियम शिकवतात," ती डोळे पुसत म्हणाली. "हरणाऱ्याला पाणी पाजायला कोणी शिकवणार नाही. पुढची सुट्टी अकोल्यातच. फक्त एक अट. मी नियमांचं पुस्तक पाठवते. आधी तुम्ही शिकायचं."

रंजू, इतकं हलकं वाटलं मला, की गुडघासुद्धा दुखायचा थांबला. (बडनेरा स्टेशनच्या जिन्यापर्यंत.)

आता दर रविवारी ओवी मला फोनवरून शिकवते. गोष्टीतूनच, कारण मला दुसरं काही समजत नाही असं तिचं मत आहे. परवा एक नवीनच नियम निघाला. म्हणे राजा आणि हत्ती एकाच चालीत जागा बदलू शकतात, डावात एकदाच. मी म्हटलं, "हे तर मले पटत नाई. काहून बदलवतात?"

पोरगी म्हणाली, "आजी, राजाचा घोडा म्हातारा झाला ना? म्हणून आता हत्ती त्याला घ्यायला येतो."

मी फोन जरा बाजूला धरला. कूलरचा आवाज येतोय म्हणाले. (कूलर बंद होता.)

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. पोरांना घेऊन लवकर ये. पट मांडून ठेवते. चुकीचं असेल तेवढं मी शिकवीन, बरोबर ते ओवी फोनवरून दुरुस्त करेल. मोबाईलची मी आता माफी मागितली आहे, तरी तो मला सगळ्यात सोप्या पातळीवर रोज हरवतो, आणि एकटी उरले तरी पाणी विचारत नाही. तेव्हा वेळ लावू नकोस. आणि येताना शिदोरी आणू नको, म्हणजे दोन-दोन घरं चालत येशील.